सातव्या नंबरच्या सहा चिठ्ठ्या

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही. आजवर कुणालाच वाटलेली नाही, आणि त्यात सांगणाऱ्याचा दोष नाही, दोष शहराचा आहे. स्टॉकहोममध्ये जे खरोखर घडतं ते थापेसारखं दिसतं, आणि लोक ज्यावर माना डोलावतात ती हटकून थाप असते. तेव्हा मर्ता, कॉफी ओत. बाकीच्यांनी आपापले वाफे सोडून इथे शेडच्या पायरीवर बसा. बटाटे कुठे पळून जात नाहीत. मधे बोलायचं नाही. ज्याला शंका येईल त्याने ती दालचिनीच्या पावाबरोबर चावून गिळावी.

तर तीन वर्षांपूर्वी सोल्वेग हुल्टग्रेन नावाची एक बाई होती. वय चव्वेचाळीस, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. दर गुरुवारी चारशे पोरांना वाटाण्याचं सूप वाढून वाढून तिचा उजवा हात डाव्यापेक्षा बोटभर लांब झाला होता. खोटं वाटत असेल तर तिच्या शिंप्याला विचारा. अकरा वर्षांत तिने अकरा बिऱ्हाडं बदलली होती, सगळी पोटभाडेकरू म्हणून. एक बिऱ्हाड असं, की घरमालकीण परदेशी आणि घरात साठ ऑर्किडं; त्यांच्याशी रोज अर्धा तास फ्रेंचमध्ये बोलायचं, अशी अट. सोल्वेगला फ्रेंच येत नव्हतं. ती त्यांना आपल्याच भाषेत शिव्या घालायची, आणि फुलं नुसती लगडून जायची. दुसरं बिऱ्हाड म्हणजे होडी. ती मालकाला उन्हाळ्यात परत हवी होती, आणि त्याने ती हाकारली तेव्हा सोल्वेग आत गाढ झोपलेली. डोळे उघडले ते फिनलंडमध्ये.

अकरावं बिऱ्हाड होतं एका कुटुंबाच्या परसातलं सॉना. वाफ घ्यायची लाकडी खोली, आठ फूट बाय सहा, दोन फळ्या: खालच्या फळीवर सोल्वेग, वरच्या फळीवर तिची बारा वर्षांची मुलगी टीरा. टीरा एक आठवडा आईकडे आणि एक आठवडा बापाकडे, घटस्फोटानंतर सगळ्यांची पोरं असतात तशी. शनिवारी पाच ते सात घरमालक सहकुटुंब घाम काढायला यायचे, त्या वेळात मायलेकींनी बाहेर सफरचंदाच्या झाडाखाली बॅगा घेऊन बसायचं. सातनंतर आत गेलं की चादरींना घरमालकांच्या पाठीचा वास.

टीराने शाळेत निबंध लिहिला, 'माझी आई सॉनात राहते'. बाई हसल्या. बाप हसला नाही. रिकार्ड त्याचं नाव, स्वभावाने वाईट नव्हता, आणि हीच सोल्वेगची अडचण होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्याला उत्तरेकडे लुलेओला नोकरी लागली होती, रेल्वेने एक अख्खी रात्र आणि वर थोडी सकाळ. त्याने निरोप पाठवला: 'ऑगस्टच्या एक तारखेपर्यंत तुझ्या स्वतःच्या नावावर घराचा पक्का करार दाखव. नाहीतर टीरा माझ्याबरोबर उत्तरेला येईल, आणि तुला महिन्यातले दोन शनिवार-रविवार. चिडू नकोस. मुलगी फळीवर झोपते.'

शेवटची तीन वाक्यं सोल्वेगने इतक्यांदा वाचली, की फोनची काच त्या जागी झिजली.

आता आपल्या शहरात घर मिळत नाही, रांग मिळते. अठराव्या वाढदिवसाला शहाणी माणसं केकच्या आधी भाड्याच्या घरांच्या रांगेत नाव घालतात. सोल्वेगने घातलं तेहतिसाव्या वर्षी, कारण तोवर नवऱ्याचं घर होतं आणि नवरा होता. म्हणून तिच्या गाठीला फक्त अकरा वर्षं आणि चार महिने. एवढ्यात मिळतं ते घर म्हणजे विमानतळाच्या धावपट्टीला चिकटलेलं, किंवा ज्याचं भाडं ऐकून माणूस सॉनाला आपणहून मिठी मारील असं.

आणि मे महिन्यात तिला घरं देणाऱ्या कंपनीचं बोलावणं आलं. लिंगॉनबाकेन, मेट्रोच्या दक्षिण टोकाला. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, चौथा मजला, बाल्कनी जंगलाकडे. सगळं नुकतंच नवं केलेलं: नवे नळ, नवी शेगडी, ओकची फरशी, तिहेरी काचांच्या खिडक्या. भाडं आठ हजार नऊशे क्रोनर. शाळेच्या पगारात बसणारं. बघायला सात जणांना बोलावलं होतं, रांगेतल्या ज्येष्ठतेप्रमाणे. सोल्वेग सातवी.

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता चौथ्या मजल्याच्या दाराबाहेर बूट काढून सात जण उभे राहिले आणि एकमेकांच्या मोज्यांकडे पाहू लागले. रांगेत कोण किती वर्षांचा आहे हे विचारत नाहीत, पण सगळ्यांना कळतं. ज्याच्या तोंडावर शांती, तो वरचा. सर्वांत शांत तोंड होतं पहिल्या नंबरचं. त्याचं नाव सांगत नाही, माणूस अजून जिवंत आहे. वाहनांच्या काचेवर दंडाच्या पावत्या लावण्यात त्याने सारी हयात घालवली होती आणि आता निवृत्त होता, हे त्याने जिन्यातच सगळ्यांना ऐकवलं होतं, म्हणून त्याला दंडवाला म्हणू. रांगेत एकतीस वर्षं. हातात मोजायची फीत.

"कितवी?" त्याने सोल्वेगला विचारलं.

"सातवी."

"मग बूट कशाला काढलेस?"

बाकीचे पाच जण भिंतीकडे बघू लागले. दुसऱ्या नंबरची लोविसा नावाची बाई होती, रांगेत तीस वर्षं काढलेली. ती तेवढी हसली, पण नाकातल्या नाकात.

कंपनीच्या बाईने दार उघडलं आणि सगळे आत घुसले. सोल्वेगने नळ सोडला. पाणी आलं, गरम, आणि आवाज न करता आलं. तिने लहान खोलीत डोकावलं. खिडकीखाली पलंग मावला असता, खराखुरा, गादीचा. ती मनात पलंग ठेवतच होती तेवढ्यात दंडवाल्याची फीत तिच्या पोटऱ्यांना लागली.

"सरक. मोजतोय."

"मी इथे उभी आहे."

"तेच म्हणतोय. सातव्याने उभं राहायचं नसतं, नुसतं बघायचं असतं. बघून घे, फुकट आहे."

"तुझ्या जिभेला पण पावती लावायला हवी कुणीतरी," सोल्वेग म्हणाली.

यावर दंडवाल्याने मान वर केली. भुकेल्या माणसाला दुरून मटणाचा वास यावा तसं त्याचं तोंड झालं. पण ते सोल्वेगने पाहिलं नाही, ती तोवर दाराबाहेर बूट चढवत होती. मागून कंपनीच्या बाईचा आवाज आला: "उत्तर सोमवारी दुपारी बाराच्या आत कळवा. पहिला नाही म्हणाला तर दुसरा, दुसरा नाही म्हणाला तर तिसरा, असं खाली येत जाईल. तळघरात सगळ्या इमारतीची धुण्याची खोली उघडी आहे, जाताना बघून घ्या."

ते सांगायची गरजच नव्हती. आपल्याकडे माणूस नवरी न बघता लग्नाला उभा राहील, पण धुण्याची खोली न बघता घर घेणार नाही.

सोल्वेग सगळ्यांच्या आधी खाली पोचली, ती खोली बघायला नव्हे, कुणी नसलेल्या ठिकाणी दोन मिनिटं रडायला. चार मशीन, एक कपडे वाळवायचं कपाट, एक इस्त्रीचा रूळ, आणि कोणाची वेळ कधी हे सांगणारा फळा. भिंत पांढरीशुभ्र. भिंतीवर एकच चिठ्ठी: 'कृपया वाळवणीच्या जाळीतला कापूस काढावा. आभार.' खाली फुलाचं चित्र. शेजारी सुतळीला बांधलेला जाड पेन, चिकटपट्टी, आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा.

ती चिठ्ठी वाचून सोल्वेगचं रडू आटलं. फूल काढणारी माणसं. आठ हजार नऊशे क्रोनरमध्ये जंगल, गरम पाणी आणि फुलं काढणारे शेजारी. अशा घराला कोण नाही म्हणेल?

मग तिच्या डोक्यात आलं, की शेजारी असे नसले तर?

आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. शेजाऱ्याला तोंडावर काही म्हणून म्हणायचं नाही. तो जिन्यात असला तर दाराच्या भोकातून बघत तो जाईपर्यंत आत थांबायचं. सगळा राग वर्षभर साठवायचा आणि धुण्याच्या खोलीत एका चिठ्ठीवर ओतायचा. एखादं घर कसं आहे हे कंपनी सांगत नाही, भिंत सांगते. वरच्या मजल्यावर सहा जण अजून कपाटं उघडून बघत होते. सोल्वेगने पेन उचलला.

पहिली चिठ्ठी सरळ हाताने: 'रविवारी दोन ते पाच माझी वेळ होती. माझी ओली चादर जमिनीवर कुणी टाकली ते मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे.'

दुसरी डाव्या हाताने, तिच्याच खाली: 'चादर? ती मला पायपुसणं वाटली. अजूनही वाटते.'

तिसरी तिरकी, मोठ्या अक्षरात: 'ज्याच्या कुत्र्याचे केस दुसऱ्या मशीनमध्ये सापडतात त्याने लक्षात ठेवावं, कुत्र्यालाही त्या मशीनमध्ये जागा आहे.'

चौथी बारीक आणि सुबक: 'केस कुत्र्याचे नाहीत. माझे आहेत. या इमारतीत राहून गळाले.'

पाचवीत नुसतं होतं, 'मी मोजतोय.' किती, काय, कशासाठी, काही नाही. आणि सहावी सर्वांत वर, स्वतःच्या पर्समधल्या लाल पेनने: 'चौथ्या मजल्यावर नवीन येणाऱ्यास. तुझ्या आधीचा सहा महिने टिकला. आम्ही त्याला वेळ दिला होता. तुला देणार नाही. सर्व रहिवासी.'

सातव्या मिनिटाला पावलं वाजली. सोल्वेग इस्त्रीच्या रुळामागे वाकून उभी राहिली, जणू विजेचं बटण शोधते आहे.

सहा जण आत आले, भिंतीपाशी गेले आणि वाचू लागले. कुणीतरी खोकलं. लोविसाने तिसरी चिठ्ठी दोनदा वाचली आणि आपली पर्स छातीशी धरली. तिचा कुत्रा पर्सच्या मापाचा होता. एकाच्याही मनात आलं नाही, की वर जाऊन एखादं दार वाजवावं आणि विचारावं, बाबांनो, हे खरं का? दार वाजवायचं म्हणजे काय चेष्टा आहे? कागदावर लिहिलंय म्हणजे खरंच. पाच जण एकेक करून जिना चढून गेले, आणि त्यांच्या पाठी बघूनच सोल्वेगला कळलं, की हे आता रांगेत उरले नाहीत. बुधवारी फोनवर कंपनीचं पान उघडून पाहिलं तर सातव्या नंबरच्या जागी 'दुसरा' लिहून आलं होतं.

पण दंडवाला गेला नाही. तो चष्मा लावून पहिल्यापासून सहावीपर्यंत वाचत गेला, मग सहावीपासून पहिलीपर्यंत. हळूहळू त्याच्या गालांवर रंग चढला. त्याने सुतळीचा पेन उचलला आणि पाचव्या चिठ्ठीखाली, 'मी मोजतोय'च्या खाली, वळणदार अक्षरात लिहिलं: 'मीही.' आणि शीळ घालत वर गेला.

सोल्वेग रुळामागे तशीच उभी. तिने जाळं टाकलं होतं माशांसाठी, आणि त्याला शार्क लागला होता, तोही खुशीत.

गुरुवारी सूप वाढून झाल्यावर ती पुन्हा लिंगॉनबाकेनला गेली, नव्या काहीतरी जहाल चिठ्ठ्या लावाव्यात म्हणून. खालच्या दाराचा आकडा कंपनीच्या बाईने दाबताना तिने पाहून ठेवला होता. तळघरात उतरली आणि थबकली. भिंत दिसत नव्हती. इमारतीतल्या माणसांनी तिच्या चिठ्ठ्या वाचल्या होत्या, आणि प्रत्येकाला वाटलं होतं की आपल्यालाच लिहिलंय, कारण प्रत्येकाने कधी ना कधी काहीतरी केलं होतंच. पहिल्या मजल्याने लिहिलं होतं, 'हो, चादर मी टाकली. अकरा वर्षांपूर्वी. पुन्हा टाकीन.' तिसऱ्याने लिहिलं होतं, 'कुत्र्याला मधे आणू नकोस, तो तुझ्यापेक्षा स्वच्छ आहे.' फूल काढणारी बाई पार सुटली होती. तिने नऊ चिठ्ठ्या लावल्या होत्या आणि फुलाच्या जागी आता कवटी होती. शुक्रवारी कागद जिन्यात आले, शनिवारी लिफ्टमध्ये. लिफ्टला सहा माणसांची परवानगी होती. कागदाच्या वजनाने ती पाचवर आली. पोस्टमन चुकून त्यातल्या चार चिठ्ठ्या घेऊन गेला आणि त्या उप्सालात कुणाला तरी पोचल्या, तर तिकडूनही उलट उत्तर आलं.

शनिवारी दुपारी तळघरात दंडवाला डबा उघडून बसला होता, नाटकाला आल्यासारखा. अंड्याचं सँडविच खात वाचत होता.

"आलीस?" तो न वळता म्हणाला. "नवीन काही आणलंस की जुन्यावरच भागवणार?"

"मी खोली बघायला आले."

"सहाही तुझ्या आहेत."

"कशावरून?"

"हात बदललास, पेन बदललास. पण वाक्य संपलं की तू टिंब देत नाहीस, भोक पाडतेस. सहाही कागदांच्या मागे भिंतीला खड्डे आहेत. अगं, लोकांनी माझ्यापुढे आजारी असल्याची पत्रं आणली, गरोदर असल्याची आणली, एकाने तर मेल्याचं आणलं, स्वतःच्या हाताने. मला अक्षर शिकवतेस?"

सोल्वेगने मनात हिशेब केला. कंपनीला कळलं तर तिचं नाव रांगेतून खोडलं जाईल. अकरा वर्षं चार महिने शून्यावर. पुन्हा उभं राहून घर मिळेपर्यंत टीराला नातवंडं झाली असती.

"मग सांग ना कंपनीला," ती म्हणाली. "फोन करता येतो ना?"

"येतो. म्हणून तर अजून केला नाही."

"तुला हे घर कशाला हवंय? राहायला काय पुलाखाली आहेस?"

"छे. शहराच्या मधोमध तीन खोल्या आहेत माझ्या. संगमरवरी जिना."

"मग रांगेत काय करतोस?"

"एकतीस वर्षं झाली, सोडवत नाही. महिन्यातून एक घर बघतो, कपाटं मोजतो, नाही म्हणतो, घरी जातो. माणसाला कुठेतरी पहिला नंबर हवा असतो." त्याने सँडविचचा कागद नीट चौकोनी घडी केला. "पण हे घर मी घेणार आहे."

"का?"

"कारण मला चौदा महिन्यांत कुणी शिवी दिलेली नाही." हे त्याने इतक्या सरळ सांगितलं, की सोल्वेगला क्षणभर कळेना, हसावं की मारावं. "नोकरीत असताना दिवसाला चाळीस. एकदा एका बिशपने दिली होती, लॅटिनमध्ये. आता सकाळी उठतो, जिन्यात जातो, सगळे कसे गुळगुळीत. माझ्या इमारतीत एकोणीस वर्षं कुणी कुणापुढे ब्र काढलेला नाही. आणि इथे बघ," त्याने भिंतीकडे हात केला, "इथे माणसं जिवंत आहेत."

"शिव्याच हव्यात ना? मी देते. बस खाली, पुरेपूर देते. तू दुसऱ्याच्या मुलीच्या पलंगाच्या जागी आपली फीत अंथरणारा कोरडा, कुजका—"

"नको." त्याने हात वर केला. "तुझी चालणार नाही. तुला गरज आहे. गरजूची शिवी म्हणजे भीकच. मला मनापासूनची हवी, ज्याला माझ्याकडून काही नको अशा माणसाची, आणि रोजची."

सोल्वेगने त्याच्याकडे पाहिलं. तिला टीराची वरची फळी आठवली, लाकडाच्या रेघा पोरीच्या गालावर उठायच्या त्या आठवल्या, आणि तिच्या जिभेवर आलेली उरलेली सोळा विशेषणं तिने गिळली.

"तुझ्या इमारतीत लावून देते," ती म्हणाली. "हे इथे लावलं तसंच. तू हे घर सोड."

"किती?"

"काय किती?"

"शत्रू."

"एक. चांगला, टिकाऊ."

"तीन. आणि त्यात एक बाई हवी. पुरुष विसरतात."

"दोन."

"तीन, नाहीतर सोमवारी मी हो म्हणतो आणि उरलेला जन्म या खोलीत डबा खातो. तू जा आलीस तशी परत."

"तीन," सोल्वेग म्हणाली. "आणि तू मेलास की मी केक कापीन."

"बघ," दंडवाला म्हणाला, "जमतं तुला. काय लिहिशील ते मला सांगू नकोस. मला धक्का बसू दे."

रविवारी सकाळी, भले लोक चर्चमध्ये आणि बाकीचे झोपेत, त्याने दिलेला दाराचा आकडा दाबून ती त्याच्या संगमरवरी जिन्याने तळघरात उतरली; कोण कुठे राहतं तेही त्यानेच सांगितलं होतं. तिथली धुण्याची खोली दवाखान्यासारखी. तिने तीनच चिठ्ठ्या लिहिल्या, तिन्ही दंडवाल्याच्या नावाने, खाली त्याच्या घराचा आकडा घालून. दुसऱ्या मजल्यावरच्या नौदलातल्या अधिकाऱ्याच्या विधवेला: 'तुझे पडदे वाळत घातलेले पाहिले. नवरा बुडाला की उडी मारली?' चर्चच्या समूहगायनात गाणाऱ्या माणसाला: 'तू भिंतीपलीकडे सराव करतोस तेव्हा मी पाइप दुरुस्त करणाऱ्याला बोलावतो.' आणि तळमजल्यावरच्या निवृत्त डॉक्टरला नुसतं: 'तुझे शर्ट पाहून तुझे रोगी का मेले ते कळलं.' प्रत्येक टिंबाला भोक.

दुपारी तीनपर्यंत काही झालं नाही. साडेतीनला दंडवाल्याच्या दारावर टकटक झाली, एकोणीस वर्षांतली पहिली. दारात विधवा. या देशात राजघराणं सोडून सगळे सगळ्यांना तू म्हणतात. तिने त्याला 'तुम्ही' म्हटलं, आणि ते असं म्हटलं, की जिन्यातला दिवा गेला. "तुम्ही," ती म्हणाली, "माझ्या खिडकीखालून गेलात तर मी वरून ओतणार आहे. काय ओतीन ते ठरवायचं आहे." तिच्या मागे डॉक्टर, त्याच्या मागे गाणारा, आणि गाणाऱ्याने तर वरच्या सुरात सुरुवात केली. दंडवाला दारात उभा राहून ऐकत होता. म्हणतात, की त्याचे डोळे भरून आले आणि तो म्हणाला, "हळू. एकेकाने. मला सगळं नीट ऐकू येऊ दे."

सोमवारी सोल्वेग शाळेच्या स्वयंपाकघरात सॉसेज उलटत होती, पण डोळे घड्याळावर. साडेअकरा. पावणेबारा. कंपनीच्या पानावर पहिल्या नंबरसमोर काहीच नाही. बाराला दहा. तिला खात्री पटली, की म्हातारा तीन शत्रूही घेणार आणि घरही. सॉसेज जळली, पोरं टेबलं वाजवू लागली. बाराला दोन मिनिटं असताना पहिल्या नंबरसमोर अक्षरं उमटली: 'नको.' आणि बारा वाजून चार मिनिटांनी तिचा फोन वाजला, आणि त्या लांब उजव्या हाताने तिने तो तेलकट बोटांनीच कानाला लावला.

करार तिच्या नावावर झाला, जूनच्या आठ तारखेला. तिने त्याचा फोटो रिकार्डला पाठवला, खाली एक शब्द न लिहिता. रिकार्ड एकटा उत्तरेला गेला. टीराचा पलंग खिडकीखाली बसला, दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा हात सोडून. बाकी इमारत अजून चौथ्या मजल्याच्या जिवावर उठलेली आहे, कारण सहाव्या चिठ्ठीत सगळ्यांच्या नावाने धमकी होती आणि ती पाळायला हवी असं सगळ्यांना वाटतं. पण सोल्वेगला त्याचं काय. तिच्या दाराखालून चिठ्ठ्या सरकतात, ती त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर टीराला गणितं घालते. कागदाने भिंती इतक्या जाड झाल्या, की गेल्या हिवाळ्यात त्या मजल्यावर हीटर लावावाच लागला नाही. जानेवारीत त्या दोघी बाल्कनीचं दार उघडं टाकून, जंगलाकडे बघत, कॉफी आणि—

"टॉर्गनी," मर्ता सांगणाऱ्याला मधेच तोडत म्हणाली. तिने किटली पायरीवर ठेवली. "तुझा पाय मुरगळला होता तेव्हा मी तुझ्याकडे सूप घेऊन आले होते. लिंगॉनबाकेन, चौथा मजला. बाल्कनी जंगलाकडे. दारावर तुझं नाव आहे. म्हणजे पहिला नंबर तू होतास, आणि तू नको म्हटलंच नाहीस. ती बाई कुठे आहे?"